मीठ पाहुण्यांनी लावायचं

ये गो सई, अशी जवळ सरक. तू तिकडे पर्वरीच्या फ्लॅटात आणि मी इथे कोरगावच्या ओसरीवर, तरी लिहिताना तू समोर बसली आहेस असंच धरून चालते मी. आणि समोर बसलीच आहेस तर आधी थोडी बोलणी खाऊन घे. काल फोन केलास, "आजी, रविवारी ऑफिसातले लोक येणारेत, काहीतरी सोपं सांग, थंड, हातानं उचलून खाण्यासारखं, गॅसपाशी उभं राहवत नाही," आणि मी तोंड उघडायच्या आत "बरं, व्हॉट्सअ‍ॅप कर हां" म्हणून ठेवूनही दिलास. असं विचारतात होय ग? तवशी, तुमच्या काकड्या ग, कशी कापायची हे काय मी बोटानं त्या काचेवर टिपत बसू? आणि चूल न पेटवता घरी आलेल्या माणसांना खाऊ घालायचं म्हणजे काय, हे मला विचारतेस आणि उत्तराला थांबत नाहीस! अगो, माझं सगळं पुढचं आयुष्य तसल्या एका दुपारवर उभं आहे. तुझ्या आईलाही मी ते धड सांगितलेलं नाही. आता सांगते. पंखा लाव आणि बस.

तेव्हा आमचं घर हेच, फक्त छपराला मंगळुरी कौलं आणि जमीन शेणाची. मागं काजूचा डोंगर, पुढं अंगण, अंगणाच्या कडेला आंब्याचं झाड आणि त्याच्या पलीकडे दगडी कुंपणाचा गडगा. गडग्यापलीकडे सरस्वतीकाकी. काकी आमच्या नात्यातली नव्हे, आडनाव वेगळं, देव वेगळा, पण विहीर एक. दोन्ही घरांच्या बायका राहाटाच्या कुरकुरीवर बोलायच्या आणि ते बोलणं दिवसभर पुरायचं. सकाळी पाववाल्या पोदेराचा भोंगा वाजला की बाबा उंडे घ्यायचे, आई कपाळाला आठी घालायची, कारण उंडा आला की भाकरी कोणी खात नसे. उन्हाळ्यात घरभर फणसाचा वास. दुपारी सगळं गाव निजलं की डोंगरात गळून पडलेल्या काजूच्या बोंडवांचा वास वाऱ्याबरोबर खाली यायचा, आंबूस, गोड, जरासा झिंगवणारा. आजही तो वास आला की मी सोळा वर्षांची होते. गुडघे तेवढे होत नाहीत.

त्या वर्षी मी दहावी झाले होते. आमच्याकडे त्या काळी दहावी झालेली मुलगी म्हणजे घरात उभं राहिलेलं प्रश्नचिन्ह. पुढं शिकायला जवळ काही नव्हतं. पण डिचोलीला मुलींसाठी शिवणाचा सरकारी वर्ग निघाला होता. तो पुरा केला की शाळेत शिवणबाई म्हणून नोकरी लागते, असं माझ्या सुमामावशीनं कळवलं होतं. सुमामावशी आईची सख्खी बहीण, डिचोलीला दिलेली. कोरगावहून डिचोलीला रोज जाऊन येणं शक्यच नव्हतं, म्हापशाला बस बदलेपर्यंतच अर्धा दिवस जायचा. तेव्हा राहायचं मावशीकडे, एवढा एकच मार्ग. आणि मावशीच्या घरात मावशीचं काही चालत नसे. चालायचं ते तिच्या सासूचं, माईचं. माईनं निरोप धाडला होता: "चेडू आधी बघूया. माझ्या घरांत उरक नसलेलां मनीस अडगळ जाता." मांद्र्याला कोणाच्या तरी लग्नाला ती यायची होती. परतताना दुपारी आमच्याकडे थांबेन, खाईन, मग काय ते सांगेन, असं ठरलं. म्हणजे बघ, लोकांच्या मुलींना नवऱ्याकडचे बघायला येतात, मला मावशीची सासू बघायला येणार होती. तिनं मान हलवली तर शिवणाचा वर्ग. नाही हलवली तर आईनं माझ्यासाठी दोन स्थळं काढून ठेवलेलीच होती, त्यातलं एक तर केरीच्या टोकाचं, आणि तो मुलगा शिंकला तरी तीन घरं जागी व्हायची म्हणे.

माई कडक सोवळ्याची. परक्याच्या चुलीवरचं पाणीसुद्धा घेत नसे. आमच्याकडे खायची, ते नात्यातलं घर म्हणून. त्यामुळे आईनं पहाटेपासून चूल धगधगत ठेवली होती. गोडाचा शिरा, मुगागाठी, घावणे आणि त्याबरोबर नारळाचा रस, शिवाय बटाट्याची भाजी. मी न्हाऊन, वेणी घालून आईच्या मागं मागं. माझ्या हातचं काहीतरी पाहिजे म्हणून घावणे मला घालायला लावले होते. पहिले चार तव्याला चिकटले, ते बाबांनी बिनबोलता खाल्ले. मग जमायला लागले. सगळं झाकून ठेवलं, आई पदरानं वारा घेत पायरीवर टेकली, आणि तेवढ्यात पाणंदीतून गजाकाका येताना दिसला.

गजाकाका म्हणजे बाबांचा चुलतभाऊ. वरच्या वाड्यावर राहायचा. एरवी सावकाश चालणारा माणूस, त्या दिवशी धोतराचा सोगा हातात धरून जवळजवळ धावतच होता. आईनं त्याचं तोंड बघितलं आणि ती ताडकन उभी राहिली. काकाची सून दिवस भरलेली होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आता तुला हे ठाऊक नसणार म्हणून सांगते. भाऊकीत मूल जन्मलं की सगळ्या भाऊकीला सोयर लागतं, दहा दिवस. त्या दिवसांत आपल्या चुलीवरचं बाहेरच्या माणसाला चालत नाही. पण त्यातली गंमत अशी, की बातमी कानावर पडल्याशिवाय सोयर लागत नाही. न ऐकलेल्याला काही नाही. म्हणून आईनं दोन्ही हात कानांवर घट्ट दाबले आणि तिथूनच ओरडली, "भावजी, थंयच रवा! काय बोलू नकात! सांजेक येवा!"

काका गोंधळून आंब्याखाली थांबला. तोंड उघडं, बातमी जिभेवर. मी पण कान झाकले. सरस्वतीकाकी गडग्यावरून हातवारे करून त्याला "जा, जा" म्हणत होती. बिचारा वळलासुद्धा. आणि त्याच क्षणी बाबा मागीलदारी हात धुऊन बाहेर आले. पाठमोरा भाऊ बघून त्यांना आनंदाचं भरतं आलं. "अरे गजा! परत खंय चललस? सुटली मगे ती? चेडो काय चेडू?"

"चेडू!" काका असा ओरडला की आंब्यावरचे कावळे उडाले. "दादा, आमच्या घरांत लक्ष्मी आयली!"

कान झाकून काही उपयोग झाला नाही बघ, एवढा त्याचा आवाज. आईनं हात हळूहळू खाली घेतले. बाबा काकाला मिठी मारून हसत होते आणि मग त्यांना आईचं तोंड दिसलं. "अरे देवा," ते म्हणाले. "माई." आई म्हणाली, "विचारलात कित्याक? एक दीस त्या तोंडाक कुलूप घातलां असतां तर?" बाबा कधी उलट बोलत नसत. त्या दिवशी तेवढं म्हणाले, "अगो, चेडू झालां. आयकून गप कसो रवतंव?" आता मला वाटतं, खरं तेच होतं. घरात मूल जन्मलं तर माणसानं हसायचं सोडून कान झाकायचे, ही आमचीच रीत, आणि बाबांना ती कधी नीट जमली नाही. तेव्हा मात्र मला रडू फुटलं होतं. झाकलेल्या टोपांकडे बघून मी आणि आई दोघी उभ्या. लपवायचा विचार आईच्या मनात आला नसेल असं नाही, पण बाबांनी आधीच सांगून टाकलं, "माई दारांत आयली की मी सांगतलंय. फसवून वाढूचां नाय." काकीनं विचारलं, मी रांधू काय माझ्या चुलीवर? आई म्हणाली, परक्या चुलीचं ती शिवणार नाही गो. आणि काका? काका स्वतः सोयरातलाच, त्याला आमचं अन्न चालत होतं. तो शिऱ्याचं टोप डोक्यावर आणि घावण्यांची टोपली काखेत घेऊन, बाळंतिणीच्या घरी सगळ्यांना होतील म्हणत, आनंदात वाड्यावर गेला. मी पहिल्यांदा जमवलेले घावणे ते.

बस यायला फार वेळ नव्हता. मी पायरीवर बसून नाक पुसत होते आणि समोर आंबा. तोर लगडलेले. तोर म्हणजे कैऱ्या ग. मी आईला विचारलं, "आई, झाडावरच्या फळाक सोयर लागता?" आई म्हणाली, "फळाक कसलां सोयर? पण तवशी नि तोर मिठाबिगर कोण खातलां? नि मीठ पडलां की ता अन्न झालां." ते खरंच होतं. आमच्याकडे हिशेब असाच: फळ ते फळ, पण मीठ लागलं की त्याचं अन्न होतं, आणि अन्न म्हटलं की कोणाच्या हातचं ते बघायचं. मी म्हटलं, "मग मीठ आमी लावूचांच नाय. मीठ काकीकडचां, आणि लावूचां पाव्हण्यांनी." गडग्यापलीकडून काकीच ओरडली, "चेडवाचां म्हणणां बरोबर आसा! मीठ मी हाडतंय, माझी सुरी पण घे!"

मग आमची जी धावपळ झाली! विहिरीचं पाणी काकीनं तिच्या कळशीनं काढून दिलं. वेलावरची कोवळी तवशी धुऊन मी सालासकट लांब लांब चिरली, बोटाएवढी, मधल्या बिया काढून. बिया ठेवल्या तर पाणी सुटतं आणि फोड हातात लुळी पडते, हे लक्षात ठेव. तोरांचे पातळ काप केले. त्याच सकाळी गळालेले पिवळे बोंडू बाबांनी वेचून आणले, त्यांच्या उभ्या फोडी. कापा फणस हाताला खोबरेल तेल लावून फोडला, गऱ्यातली आठळी काढली आणि त्या पोकळीत ओलं खोबरं नि गूळ चिमटीनं भरला. ते गरे करताना मला माईचे दात आठवले. मावशी म्हणाली होती, दात थोडेच उरलेत आणि तेही हलणारे. म्हणून मऊ गरे जास्त केले. बाबांनी ओल्या चुडताचे हीर तासून दिले, त्यांत अननसाचे चौकोनी तुकडे नि खोबऱ्याचे काप ओवले, म्हणजे बोटं चिकट होऊ नयेत. हल्ली तुम्ही त्या लाकडी काड्या विकत आणता, नारळाच्या झावळीत त्या फुकट वाढतात. फणसाच्या पानांचे द्रोण टोचले, केळीची पानं धुऊन आंब्याखालच्या बाकावर पसरली. पाण्याच्या जागी शहाळी. आमच्या कळशीतलं पाणी तरी कशाला, नारळानं स्वतःचं भांडं बरोबर आणलेलंच असतं. बाकाच्या मधोमध काकीनं करवंटीत मीठ ठेवलं, शेजारी तिचाच छोटा दगडी खल, हिरव्या मिरच्या आणि चार आमसुलं. खल रिकामाच ठेवला. कुटायचं मावशीनं, तिच्या हातानं.

माई आली ती छत्री टेकत, मागं सुमामावशी घामाघूम. माई बुटकी, गोरी, नऊवारी पातळ चापूनचोपून. अंगणात पाऊल ठेवते न ठेवते तोच बाबा हात जोडून म्हणाले, "माई, आमकां सोयर आसा. आत्ताच आयकलां. गजाच्या घरांत चेडू झालां." मावशीचा चेहरा पडला. माई तिथंच उभी. ऊन तिच्या छत्रीवर. "मगे?" ती म्हणाली, "उन्हातान्हांतसून इतकी वाट तुडवत आयलंय ती सोयर आयकूक?" मीच पुढं होऊन म्हटलं, "माई, आंब्यामुळांत बसा. थंय चूल लागलेलां काय नाय."

ती बसली. बाकाकडे बघितलं. मग पोलीस विचारतात तसं एकेक सुरू झालं. "पाणी कोणाचां?" "काकीच्या कळशीचां." "सुरी?" "काकीची." "मीठ?" "काकीचां, आणि ता लावूचां तुमी. मिरची सुमामावशी कुटतली." "आणि ह्यो फोडी कोणी केल्यो?" मी म्हटलं, "मीयां." मावशीला तिनं डोळ्यांनी खूण केली. मावशीनं मिरची, मीठ, आमसूल खलात घालून कुटायला घेतलं आणि तो ओला आंबटतिखट वास सुटला तशी बाबांनीसुद्धा लाळ गिळली. माईनं आधी शहाळं संपवलं. मग एक भरलेला गरा तोंडात टाकला, डोळे मिटून चघळला. मग दुसरा. मग तवशीची फोड, खलात बुडवून. ती खात होती आणि आम्ही तिचे ओठ बघत होतो.

आणि तेवढ्यात आईनं घोटाळा केला. बिचारीचा जन्म पाहुण्यांना आग्रह करण्यात गेलेला. पाहुणा समोर हात आखडून बसलाय हे तिला सोसेना. तिनं तोराचा एक छान पातळ काप उचलला, खलातल्या तिखटमिठात बुडवला आणि सवयीनं माईच्या तोंडासमोर धरून म्हणाली, "ह्यो घेवा हां माई, ह्यो बरो आसा!" मावशीच्या हातून हीर पडला. गडग्यावर काकीनं कपाळाला हात लावला. सोयरातला हात आणि मीठ लागलेली फोड, दोन्ही माईच्या नाकासमोर. आईला स्वतःला कळलं, पण हात मागं घेता येईना. माईनं घ्यावं तर सोवळं गेलं, आणि नको म्हणावं तर यजमानीण चारचौघांत तोंडघशी. मी काय विचार केला, मला सांगता येणार नाही. पुढं झाले आणि आईच्या हातातला तो काप सरळ माझ्याच तोंडात टाकला. "आई! ह्यो माका म्हणालंस मगो!" आणि मिरची अशी काही लागली, की डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि मी अंगणभर हा-हू करत नाचतेय. काकी गडग्यापलीकडून, "ता मीठ टाकून दी गो, दुसरां हाडतंय!" म्हणत धावली. आणि माई हसायला लागली. आधी आवाजच नाही, नुसतं पोट हलत होतं. मग ती उघड हसली, पदर तोंडाला लावून, डोळे पुसत. तिचे ते हलणारे दात मी तेव्हा पाहिले.

हसू ओसरल्यावर तिनं मला जवळ बोलावलं. "मीठ सुमाच्या हातान घालूचां, ह्यां कोणी सांगलां तुका?"

"कोणी नाय. माकाच सुचलां."

"हूं." नवीन मिठात तिनं बोंडवाची फोड बुडवली, बराच वेळ चोखली. मग माझ्याशी नाही, आईशी बोलली. "माझ्या घरांत सोवळां सांभाळणारी खूप आसत, मीयां धरून. आयलेल्या मनशाक उपाशी धाडतत आणि सोवळां सांभाळलां म्हणतत. सोवळां सांभाळून पोटभर घालणारां एकूय नाय. सोयर फिटलां की चेडवाक धाडून दी. शिवण शिकूदे, आणि ह्यां मिठाचां माझ्या सुनांक शिकवूदे." बाबा म्हणाले, "माई, आनीक एक गरो?" आणि माईनं खरंच घेतला.

मी दहा दिवसांनी न्हाऊन डिचोलीला गेले. पहिले काही महिने माई माझ्यावरही डाफरायची, झाडू उलटा का ठेवलास, दिवा उशिरा का लावलास. पण शिवणाच्या वर्गातून यायला उशीर झाला की ओसरीवर बसून वाट बघणारी तीच. पुढं शाळेत लागले. किती मुलींना काज-बटण शिकवलं, त्याचा हिशेब नाही. गजाकाकाची ती नात माझ्याकडेच शिकली. हल्ली सोयर कोणी पाळतं, कोणी नाही. तुझ्या जन्माच्या वेळी मी पाळलं नाही, सरळ दवाखान्यात येऊन तुला मांडीवर घेतलं. तरी माईची टिंगल मला कोणी केलेली आवडत नाही. तिला रीत मोडता येत नव्हती, पण रीत जराशी वाकवून दिली तर ती मनापासून जेवायची. अशी माणसं पुष्कळ असतात. रागावण्यापेक्षा त्यांच्यासमोर रिकामा खल ठेवावा.

तुझ्या रविवारचं एवढंच, की सगळं आधी कालवून ठेवू नकोस. फोडी थंड ठेव, मीठ-तिखट वेगळं ठेव, ज्याचं त्यानं लावू दे. त्या निमित्तानं माणसं एकाच बाकाशी वाकतात आणि बोलायला लागतात. चीज वगैरे घालायचं तर घाल बाई, मी बघायला नाही.

आणि रविवार पार पडला की इकडे ये. ऑफिसातल्यांना घेऊन ये, नाहीतर एकटी ये, पण ये. मागच्या फणसावर यंदा खालपासून धरलंय, हात पुरतो इतकं खाली. माझ्यानं तो आता फोडवत नाही आणि शेजारी देऊन टाकायला जीव होत नाही. पाऊस लागला की गरे पाणचट होतील. तेव्हा म्हापशाला पोचलीस की कळव, मी खोबरेल तेलाची वाटी बाहेर काढून ठेवते. लवकर ये गो.